रेस कमी करून ऐका

रेल्वेचं फाटक पडलं की जुन्या गाडीची परीक्षा सुरू होते. मुदखेड हे जंक्शन. मनमाडकडून नांदेडमार्गे आलेली लाइन इथून निजामाबाद, सिकंदराबादकडे जाते आणि दुसरी भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. त्यामुळे आमच्या भागात फाटकापाशी थांबणं म्हणजे रोजचंच काम. धावताना एका शब्दाने तक्रार न करणारी गाडी तिथे उभी राहिली, की थरथरायला लागते. स्टिअरिंगला मुंग्या येतात, आरशातली मागची जीप धूसर होते, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली वाजायला लागते. मालगाडीचे डबे मोजता मोजता पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. पाय काढला तर इंजिन बंद पडेल, आणि फाटक उघडताना पुन्हा चालू झालं नाही तर मागचे लोक हॉर्नवरचा हात काढणार नाहीत, ही धास्ती.

माझी 1997 सालची मारुती 800 काही महिने अशीच वागत होती. तीन सिलिंडर, कार्बोरेटर, तीनदा फेरपासिंग झालेली. एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, कार्बोरेटरपाशी स्क्रूड्रायव्हर घातला आणि एक स्क्रू दीड-दोन आटे फिरवला. इंजिनाचा आवाज चढला, थरथर गेली. ‘स्लो वाढवून दिलाय,’ म्हणाला. दोन मिनिटांचं काम. मी खूश होऊन निघालो.

गॅरेजच्या भाषेत स्लो म्हणजे आयडलिंग. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन ज्या गतीने स्वतःच्या बळावर फिरत राहतं ती गती. या छोट्या पेट्रोल गाड्यांत ती मिनिटाला साधारण नऊशे फेऱ्यांच्या आसपास असते. माझी बहुधा बाराशे-तेराशेवर गेली असावी. तीन आठवडे सुखाचे गेले. मग पेट्रोल जास्त लागायला लागलं, पहिला गिअर टाकताना धक्का बसायला लागला, आणि एका संध्याकाळी फाटकावर तीच जुनी थरथर परत आली. या वेळी चढ्या आवाजात.

तेव्हा मी जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या एका उस्तादांकडे गेलो. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पहिलं काम केलं ते असं, की तोच स्क्रू उलटा फिरवला. स्लो कमी केला. गाडी इतकी थरथरायला लागली की बॉनेट टेकवलेली काडी खडखडू लागली. मी म्हणालो, ‘उस्ताद, हे तर वाढलं.’

‘वाढू द्या की, गुरुजी. गाडी काय म्हणायलीय ते आधी ऐकू द्या.’

या एका वाक्यात सगळं निदानशास्त्र आहे, हे मला त्या दिवशी नाही, नंतर हळूहळू उलगडलं. ते कसं, हे सावकाश पाहू.

आधी एक साधा प्रश्न. गाडी उभी असताना इंजिनाने फिरत राहायचंच कशाला? मुदखेडच्या स्टेशनात मीटरगेजच्या काळात कोळशाची इंजिनं उभी राहत. त्यांना स्लो नव्हता. बॉयलरमध्ये वाफेचा दाब तयार असे, पिस्टन स्तब्ध असे, आणि ड्रायव्हरने दांडा ओढला की चाकं स्थिर अवस्थेतूनच पूर्ण जोराने ओढू लागत. ताकद बाहेर साठवलेली, इंजिनाने ती फक्त वापरायची. विजेच्या इंजिनाचंही तेच. पेट्रोलच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याची ताकद त्याच्या फिरण्यातूनच तयार होते. फिरताना ते हवा आत ओढतं, दाबतं, ठिणगी पाडतं, त्या धक्क्याने पुढचं फिरणं होतं, आणि त्या फिरण्यातून पुढची हवा ओढली जाते. ही साखळी तुटली की शून्य. म्हणून क्लच लागतो आणि म्हणून स्लो लागतो. उभ्या गाडीतलं इंजिन कोणाचंही काम करत नसतं. स्वतःचं घर्षण भागवायचं, डायनामोला थोडी वीज काढू द्यायची आणि पुढच्या फेरीपर्यंत जिवंत राहायचं, एवढंच.

कमाई तेवढीच, खर्च तेवढाच. शिल्लक जवळजवळ नाही. रस्त्यावर ऐंशीने धावणाऱ्या इंजिनाकडे शिल्लक असते, म्हणून त्यातली एखादी गळती खपून जाते. स्लोवर ती खपत नाही. हाच या विषयाचा गाभा, पण नुसता मान्य करून पुढे गेलो तर निदानाला उपयोग नाही. ती का खपत नाही, याची तीन वेगवेगळी कारणं आहेत, आणि प्रत्येक कारण वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवतं.

पहिलं कारण हवेचं. स्लोवर कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढतात, पण वाट अरुंद, म्हणून झडपेच्या आतल्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, मोठी पोकळी तयार होते. बाहेरच्या हवेचा दाब 76 सेंटीमीटर पाऱ्याइतका धरला, तर धडधाकट इंजिनाच्या या नळीत स्लोवर दाब त्याहून साधारण 45 ते 50 सेंटीमीटरने कमी असतो. इतकी ओढ असताना कुठे फट पडली, पॅकिंग आखडलं, रबरी नळीला चीर गेली, तर तिथून हवा जोरात आत घुसते. आणि ही हवा कार्बोरेटरला न विचारता आलेली, म्हणजे तिच्यासोबत पेट्रोल नाही. समजा स्लोवर हिशेबाची हवा दहा वाटे आहे आणि फटीतून एक वाटा आला, तर मिश्रण दहा टक्क्यांनी पातळ झालं. धावताना हिशेबाचीच हवा शंभर वाटे येते, शिवाय झडप उघडल्यामुळे पोकळी कमी होऊन फटीतून येणारी हवाही घटते. तीच फट आता एक टक्काही नाही. फट तिथेच आहे, फक्त तिचं वजन उरलं नाही.

दुसरं कारण वेळेचं. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर दाबलेली हवा निसटते. निसटायला वेळ लागतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असताना दाबण्याचा एक फटका एका सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो, म्हणून गळणाऱ्या हवेला सवडच मिळत नाही. नऊशेवर तिला तिपटीहून जास्त वेळ मिळतो. भोकाची घागर विहिरीपासून घरापर्यंत पळत आणली तर अर्ध्याहून जास्त पाणी घरी पोहोचतं, रमतगमत आणली तर नुसती घागर.

तिसरं कारण वेगाच्या साठ्याचं. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असतं. एक ठिणगी चुकली तर पुढच्या ठिणगीपर्यंत तेच इंजिनाला ओढून नेतं. पण फिरणाऱ्या चाकातली शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. तीन हजारावर फ्लायव्हीलमध्ये नऊशेच्या मानाने अकरा पट शक्ती असते. म्हणजे धावताना चुकलेली एक ठिणगी अकरा रुपयांतला एक रुपया हरवल्यासारखी, आणि स्लोवर तोच रुपया एकुलता एक.

आता त्या स्क्रूकडे परत येऊ. स्लो वाढवला की काय होतं? झडप किंचित जास्त उघडते, हिशेबाची हवा वाढते, गळतीचा वाटा घटतो. वेग वाढतो, निसटायला वेळ कमी. फ्लायव्हीलमध्ये साठा वाढतो, चुकलेली ठिणगी दिसेनाशी होते. तिन्ही गोष्टी एकदम झाकल्या जातात आणि एकही दुरुस्त होत नाही. त्या मुलाचा इलाज चालला तो म्हणूनच, आणि टिकला नाही तोही म्हणूनच. बिघाड आत वाढत राहिला, आणि वाढलेल्या स्लोलाही पुरून उरला, तेव्हा पुन्हा दिसला. उस्तादांनी स्लो कमी केला तेव्हा त्यांनी या तिन्ही गोष्टी उघड्या पाडल्या.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न येतो: तिन्हींपैकी कोणती? इथे हात लावण्याआधी कान लावायचे असतात.

नऊशे फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला साडेचारशे वेळा पेट्रोल पेटतं, कारण चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी. तीन सिलिंडर मिळून साडेतेराशे. मारुती 800 मध्ये ती एक-तीन-दोन या क्रमाने पडते. आता यातला एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर सेकंदाला सात-आठ वेळा, नेमक्या अंतराने, खड्डा पडतो. हा आवाज लंगडणाऱ्या माणसाच्या चालीसारखा, ठेक्यात. मिसिंग म्हणतात ते हेच. याउलट हवा-पेट्रोलचा हिशेब चुकला असेल तर सगळेच सिलिंडर कधी पेटतात, कधी नाही. ठेका नसतो. गती वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, श्वास लागल्यासारखी. आणि आवाज एकसारखा आहे, गतीही स्थिर आहे, पण गाडीचा पत्रा मात्र हलतोय, असं असेल तर इंजिनात शोधू नये. इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते माउंटिंग दबलेलं किंवा फाटलेलं असतं. त्यातही तीन सिलिंडरच्या इंजिनाला जन्मजात थोडं डुलणं असतंच. ते किती, हे नीट चालणारी तशीच दुसरी गाडी पाहूनच कळतं.

दुसरी खूण वेळेची. फक्त सकाळी गार असताना थरथर आणि पाच-सात मिनिटांत ठीक, तर चोककडे पाहावं. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर बिघडते, तर मिश्रण जाड होतंय का, किंवा तापल्यावर कोणती फट उघडते ते पाहावं. हेडलाइट लावल्यावर गती पडते, तर शिल्लक आधीच काठावर आहे असं समजावं. आणि स्लोवर वाईट पण रेस दिली की एकदम गुळगुळीत, तर बहुधा वरच्या तीन कारणांपैकी एक. उलट, स्लो चांगला पण ओझं ओढताना धक्के, तर तो प्रश्न पेट्रोलच्या पुरवठ्याचा किंवा अशक्त ठिणगीचा. त्याचा रस्ता वेगळा, तो आज धरत नाही.

उस्तादांनी सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरला. धडधाकट इंजिन तो एकसारखा बाहेर ढकलत राहतं. आमचा कागद ढकलला जात होता, पण मधूनमधून अडखळत होता. कागद मध्येच आत ओढला गेला असता तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह जळल्याची ती खूण ठरली असती. तसं दिसलं नाही. मग ते इंजिनाजवळ वाकून मिनिटभर ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘दोन हायेत, गुरुजी. एक हवेचं, एक ठेक्याचं. ठेका नीट ऐकू येईना कारण वरून हवा गोंधळ घालायलीय. आधी हवा.’

दोन बिघाड एकत्र असतील तर कोणता आधी धरायचा, याला नियम आहे. ज्याचा परिणाम सगळ्या सिलिंडरांवर होतो तो आधी. तो गेल्याशिवाय एकट्या सिलिंडरचं म्हणणं कळत नाही.

हवेची फट शोधायला लोक पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडतात. गरम सायलेन्सरच्या पाइपवर ते पडलं तर गाडीच पेटेल. उस्तादांकडे साबणाच्या पाण्याची बाटली होती, घरात कपड्यांवर पाणी मारायची असते तशी. प्रत्येक जोडावर, प्रत्येक नळीच्या टोकाशी एक फवारा आणि दहा सेकंद थांबणं. ब्रीदरची नळी, काही नाही. मॅनिफोल्डचा जोड, काही नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो, तिथे फवारा मारताच इंजिन दचकलं, क्षणभर सावरलं, आणि पुन्हा पूर्ववत. पाण्याने फट तेवढ्यापुरती बुजवली होती. पंचवीस वर्षं उष्णता सोसून तिथलं पॅकिंग आखडलं होतं. कार्बोरेटर उतरवला, बूड साफ केलं, नवं पॅकिंग घातलं, नट आळीपाळीने सारखे आवळले. एकाच बाजूने आवळलं की बूड वाकतं आणि नवी फट पडते, म्हणून आळीपाळीने.

गाडी चालू केली. श्वास लागल्यासारखी वरखाली होणारी गती थांबली. आणि त्याच्या खालून स्पष्ट ठेका ऐकू आला: टुक, टुक, टुक. मी आधी निराश झालो. उस्ताद मात्र खूश दिसले. आता एकाच सिलिंडरचा प्रश्न उरला होता.

कोणता सिलिंडर, हे शोधायची जुनी रीत साधी. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका प्लगची टोपी काढायची. चांगल्या सिलिंडरची टोपी काढली की गती धाडकन पडते, कारण कमावता माणूस गेला. बिनकामाच्या सिलिंडरची काढली तर फरकच पडत नाही. या वायरीत हजारो व्होल्ट असतात, म्हणून ते रबराच्या मुठीच्या पक्कडने, ओढणी-उपरणं पंख्यापासून लांब ठेवून, आणि काही क्षणांपुरतंच करायचं. नव्या, सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हे करूच नये. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं.

एक नंबरची टोपी काढली, गती पडली. तीन नंबरची काढली, पडली. दोन नंबरची काढली, जेमतेम हलली.

इथे बरेच लोक दुकानात जाऊन तीन नवे प्लग घेतात. उस्तादांनी दोन नंबरचा प्लग काढून पाहिला. काळी कोरडी काजळी असती तर मिश्रण जाड, तेलकट ओलसर असता तर रिंगांमधून ऑइल वर येतंय, पांढराफटक असता तर मिश्रण पातळ. हा बराचसा तपकिरी, म्हणजे ठीक होता. टोकातलं अंतर फिलरच्या पातळ पानांनी मोजलं, हवं तेवढं, मिलिमीटरहून थोडं कमी. तरी खात्री म्हणून त्यांनी तो प्लग तीन नंबरात घातला आणि तीनचा दोनात. मिसिंग दोनातच राहिलं. वायरही अदलाबदल करून पाहिली. तरी दोनातच.

हा अदलाबदलीचा डाव मला फार आवडला. एक पैसा खर्च नाही आणि उत्तर पक्कं. बिघाड वस्तूबरोबर सरकला तर वस्तूत, जागेवर राहिला तर जागेत. आमचा जागेत होता. ठिणगी नीट, हवा-पेट्रोल नीट. उरलं काय? दाबणं.

कॉम्प्रेशनचं मीटर लावून तिन्ही सिलिंडर तपासले. इथे आकड्यापेक्षा आपापसातला फरक महत्त्वाचा. एक आणि तीन जवळजवळ सारखे, दोन बराच खाली. शेजारचे दोन मिळून खाली असते तर हेडचं गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटल्याचा संशय आला असता. एकटाच आहे, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह. यातला फरक चमचाभर ऑइलने कळतो. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा दाब मोजायचा. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल ती फट भरतं आणि आकडा चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर ऑइलचा त्याला उपयोग नाही, आकडा तिथेच. आमचा तिथेच राहिला.

मी मनातल्या मनात हेड उतरवण्याच्या खर्चाची बेरीज करू लागलो. उस्तादांनी वरचं झाकण काढलं आणि टॅपेट तपासले. गॅरेजच्या भाषेत टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या रॉकरच्या टोकाशी ठेवलेली बारीक मोकळीक. पाव मिलिमीटरही नाही, पण ती असावीच लागते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. दोन नंबरच्या धुराच्या व्हॉल्व्हवर फिलरचं पातळातलं पातळ पानही शिरेना. मोकळीक संपली होती, व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहत होता, आणि दाबलेली हवा धुराच्या नळीतून निघून जात होती. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह बसण्याची जागा झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा थोडा रुतत जातो, त्याचं टोक रॉकरकडे सरकतं, आणि मोकळीक घटते. याचा आवाज येत नाही, हे विशेष. सैल टॅपेट टकटक वाजतो, म्हणून लोक त्याला घाबरतात आणि आवळून घेतात. घट्ट टॅपेट मुका असतो, आणि तो व्हॉल्व्ह जाळतो. गाडी ‘मस्त गपगार चालते’ म्हणून समाधान मानणाऱ्याने एकदा फिलर फिरवून पाहावा.

टॅपेट पुस्तकाच्या मापावर आणले. पुन्हा दाब मोजला. दोन नंबर बाकीच्या दोघांजवळ आला. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता, वेळेत पकडला गेला. स्लो आणखी तीन महिने वाढवत राहिलो असतो तर बहुधा जळला असता.

सगळ्यात शेवटी उस्ताद कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे आले. स्क्रू दोन असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक स्लोचा, जो झडप किती उघडी ठेवायची ते ठरवतो. दुसरा मिक्स्चरचा, जो स्लोवर किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. मिक्स्चरचा स्क्रू सावकाश फिरवत इंजिन जिथे सगळ्यात छान चालेल ती जागा धरायची, आणि मग स्लोचा स्क्रू मापावर आणायचा. आधी बाकीचे बिघाड काढायचे, मग हे. आधी हे केलं तर गळतीला जुळवून घेतलेलं सेटिंग होतं, आणि गळती गेली की सेटिंगच चुकीचं ठरतं.

मिक्स्चरच्या स्क्रूला हल्ली आणखी एक काम आलंय. 6 फेब्रुवारी 2023 रोजी बेंगळुरूत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं, आणि आता पंपावर तेच मिळतं. ते आमच्यासारख्या ऊसवाल्या मुलखातल्या रसातून, मळीतूनही येतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलणं जरा अवघड. पण हिशेब साधा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे 9. वीस टक्के मिसळलं की ते साधारण साडेतेरावर येतं. कार्बोरेटर जुन्या प्रमाणात मोजून देतो, म्हणजे तीच गाडी आता मुळातच सात-आठ टक्के पातळ चालते. धावताना हे जाणवत नाही. स्लोवर, जिथे शिल्लक नाही, तिथे जाणवतं. शिवाय त्या काळच्या काही रबरी नळ्यांना आणि पॅकिंगला इथेनॉल मानवत नाही, आणि टाकीच्या तळाचा जुना गाळ सुटून स्लो जेटमध्ये अडकू शकतो. म्हणून मिक्स्चरचा स्क्रू थोडा मोकळा करणं रास्त. पण तो कुठल्या फटीची भरपाई म्हणून मोकळा करत नाही, हे आधी ठरवून.

या 796 घन सेंटीमीटरच्या इंजिनाबद्दल इतकं लिहायचं कारण, ते आजही आमच्या रस्त्यांवर आहे. मारुती 800 ची पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी ग्राहकाच्या हाती गेली, उत्पादन थांबलं ते जानेवारी 2014 मध्ये. ओम्नी 1984 पासून 2019 पर्यंत निघत राहिली. पहाटे मुदखेडच्या फुलांच्या करंड्या बाजाराला नेणाऱ्या एखाद्या ओम्नीतही, सीटखाली, हेच तीन सिलिंडर गुरगुरत असतात.

2000 च्या सुमारास या इंजिनाला कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय आलं, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते संगणक ठरवू लागला. वाटेल की तिथे हा सगळा पाठ संपला. उलट आहे. संगणक स्लोची गती सतत मोजतो आणि ती पडली की स्वतःच हवेची वाट थोडी उघडतो. म्हणजे त्या गॅरेजातल्या मुलाचं काम आता गाडी स्वतःच, न सांगता, दिवसाला शेकडो वेळा करते. म्हणून अशा गाडीत बिघाड जास्त काळ झाकलेला राहतो, आणि संगणकाची मर्यादा संपली की एकदम उघडा पडतो. त्यातही एक गंमत. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाडीत फटीतून हवा शिरली, तर संगणक तिलाही हिशेबात धरून पेट्रोल देतो, आणि स्लो पडण्याऐवजी चढतो. तीच फट कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद पाडते आणि संगणकाच्या गाडीत पळवते. खूण उलटी दिसली तरी कारण तेच. नियम इथेही लागू: गाडी भरपाई करते आहे का, आणि कशाची, हे आधी विचारायचं. स्कॅनर हेच दाखवतो, संगणक ठरलेल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवून किंवा कमी करून देतो आहे. आकडा फार दूर गेलेला असेल तर कितीही गुळगुळीत चालणाऱ्या स्लोवर विश्वास ठेवू नये.

एक सूचना मात्र कुठलीही गाडी असो. हे ऐकणं, तपासणं उघड्यावर करावं. बंद शेडमध्ये स्लोवर चालणारं इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतं, आणि त्याला वास नसतो.

निघताना मी उस्तादांना विचारलं, पुन्हा थरथर आली तर काय करू? त्यांनी हात पुसत सांगितलं, ‘स्लो वाढवावासा वाटला की तेव्हाच या. वाढवून येऊ नका.’

दुसऱ्या दिवशी फाटक पडलेलं होतं. लांब मालगाडी, एकामागून एक डबे. इंजिन खाली उतरलेल्या गतीवर, ठेका न चुकवता चालू होतं. मिनिटभर ऐकलं. मग किल्ली फिरवून बंद केलं. इतके महिने मी फाटकावर पाय दाबून पेट्रोल जाळत बसलो होतो, कारण बंद केलं तर ते पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. आता होती. बाजूच्या शेतातून वारा येत होता, आणि डबे मोजायला दोन्ही कान मोकळे होते.